हिरव्या दिव्याखालचा अंधार

कंपनीत काम करणारे असतात, करवून घेणारे असतात आणि काम कुठवर आले हे विचारणारे असतात. या तिसऱ्या जमातीच्या खात्याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस म्हणतात. कोणता प्रकल्प घ्यावा, पैसा आणि माणसे कुठे लावावीत, कोणाचे काम कोणामुळे अडले, हे एका जागी दिसावे म्हणून ते जन्माला येते आणि दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्ट मागत बाळसे धरते. काम करणाऱ्यांची तक्रार अशी, की ही मंडळी स्वतः काडी हलवत नाहीत आणि यांचे तक्ते भरता भरता आमचे काम राहते. तक्रार रास्तच आहे. तरीही हे खाते हवे, असे माझे मत आहे. फक्त त्याच्या पाटीवर लिहिलेल्या कारणासाठी नव्हे.

पुरावा अमेरिकी नौदलाचा. पाणबुडीतून सोडायचे पोलारिस क्षेपणास्त्र पुढे ज्याने घडवले, ते स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिस त्यांनी १९५५ साली काढले आणि १९५८ मध्ये ‘पर्ट’ ही आलेखपद्धत तयार केली. २० जुलै १९६० रोजी पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलारिस सुटले आणि पर्टचा जगभर उदो उदो झाला. पुढे १९७२ साली हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने पुस्तक लिहून या आरतीत खडा टाकला. यशाचे श्रेय पर्टला नाही, असे त्याचे म्हणणे. पर्टचा खरा उपयोग हा, की तक्ते पाहून बाहेरचे दिपले आणि लुडबुड करेनासे झाले. तेवढ्या शांततेत शास्त्रज्ञांनी क्षेपणास्त्र बनवले. म्हणजे काम करणारे आणि ‘झालं का?’ विचारणारे यांच्यामध्ये भिंत उभी करणे, हे या खात्याचे खरे कर्तव्य.

यावर कोणी म्हणेल, मग हे सरळ ढोंगच की! नाही. हे खाते उद्या बंद केले तर प्रश्न बंद होत नाहीत. आज एक जण विचारतो ते उद्या फायनान्स, सेल्स आणि खुद्द एमडी वेगवेगळे विचारतील, तेही रविवारी. ढोंग सुरू होते ते भिंतीच्या आतल्यांनाही तक्ता खरा वाटू लागला की. आयटीवाले अशा प्रकल्पाला कलिंगड म्हणतात: वरून हिरवा, म्हणजे तक्त्यात सगळे ठीक; आतून लाल, म्हणजे काम अडलेले. लाल दिवा दाखवणाऱ्यालाच जाब विचारायची रीत असेल तर शहाणा माणूस हिरवाच लावणार. दोष त्याचा नाही, रीतीचा आहे.

तेव्हा आपल्या कंपनीतले हे खाते पोसावे की नाही, हे ठरवायला त्यांचे तक्ते पाहू नका. गेल्या वर्षी आतून लाल असलेला कोणता प्रकल्प तुमच्या सांगण्यावरून बंद झाला, एवढेच त्यांना विचारा. एकही नाव निघाले नाही, तर तिथे फक्त रंगकाम चालते असे खुशाल समजा.