चालू युद्धात मत फिरविणाऱ्या पुढाऱ्याचा पंचनामा कसा करावा

चालू असलेल्या युद्धाविषयी काल एक आणि आज नेमके त्याच्या उलट बोलणाऱ्या पुढाऱ्यावर टीका करणे हे कार्य वरवर सुलभ दिसत असले, तरी ते यथाविधी पार पाडावयाचे तर काही पथ्ये सांभाळावी लागतात. आणि ज्या तुमसर गावी राईस मिलांचा कोंडा व जागतिक राजकारण ही दोन्ही हवेत सारख्याच विपुलतेने तरंगत असतात, तेथील होतकरू टीकाकारांच्या उपयोगासाठी ती पथ्ये येथे नमूद करीत आहोत.

प्रथम अभ्यासासाठी नमुना निवडावा. तो हयात पुढारी नसावा हे उत्तम, कारण हयात पुढारी आपली टीका पुरी होण्यापूर्वीच तिसरे मत जाहीर करतो आणि सारी मेहनत वाया जाते. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय कम्युनिस्ट पक्ष हा या कामी सर्वांत सोयीचा नमुना होय. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी या देशातील एकाही माणसाला न विचारता हा देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा हे साम्राज्यशाहीचे युद्ध आहे असे पक्षाने ठणकावून सांगितले. 2 ऑक्टोबर 1939 रोजी मुंबईच्या सुमारे 90,000 कामगारांनी युद्धविरोधी संप केला. आणि 1940 च्या गिरणी संपानंतर डांगे, रणदिवे यांच्यासारखे पुढारी सरकारचे पाहुणे झाले. पुढे 22 जून 1941 रोजी हिटलरने रशियावर स्वारी केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेच युद्ध, त्याच तोफांसह व त्याच व्हाइसरॉयसह, ‘लोकयुद्ध’ ठरले. जुलै 1942 मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठविली, मराठी साप्ताहिकाला ‘लोकयुद्ध’ हेच नाव मिळाले, आणि अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला.

एवढा ऐवज हाती आल्यावर टीकाकाराने दोन कात्रणे शेजारी शेजारी ठेवावीत, एक 1939 चे आणि एक 1942 चे, व मधले सर्व कागद दप्तरात बांधून माळ्यावर टाकावेत. मधले कागद वाचण्याचा मोह अनेकांच्या टीकेला बाधला आहे. उदाहरणार्थ, मॉस्कोचा हुकूम सुटला आणि इकडे माना डोलल्या हा मुख्य आरोप होय. परंतु स्वारी जूनमध्ये झाली व मत डिसेंबरात फिरले, त्या मधल्या सहा महिन्यांत राजस्थानातील देवळीच्या तुरुंगछावणीतील कैदी पुढारी आणि बाहेरची भूमिगत मंडळी काय करीत होती, असा प्रश्न कोणी काढला, तर ती वाद घालीत होती असे सांगावे लागते, आणि वाद घालणारा मनुष्य हुकमाचा ताबेदार म्हणून तितकासा शोभत नाही. यावर उपाय असा की, हुकूमबरदारीचा आरोप सोमवारी करावा आणि दिरंगाईचा आरोप गुरुवारी. तुमसरच्या आठवड्यात तेवढे अंतर श्रोत्यांच्या स्मरणशक्तीला पुरेसे आहे.

ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस हॅरी पॉलिट यांचे प्रकरण तर चुकूनही उघडू नये. या गृहस्थांनी सप्टेंबर 1939 मध्ये हिटलरविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा दिला. वरून धोरण बदलल्यामुळे त्याच शरद ऋतूत त्यांचे पद गेले. आणि रशियावर स्वारी होताच, त्यांचे जुने मत पक्षाचे नवे मत झाल्याकारणाने, 1941 मध्ये त्यांना सन्मानपूर्वक परत बसविण्यात आले. येथे मत कोणी फिरविले याचा निवाडा करण्यात रात्र निघून जाते आणि पानवाला दुकान बंद करतो.

आमचे स्वतःचे मत विचाराल, तर दोष मत बदलण्यात नव्हता. हिटलर जून 1941 पूर्वीही हिटलरच होता, पॅरिस जून 1940 मध्येच पडले होते, आणि एवढे सगळे डोळ्यांसमोर घडत असताना त्याची ओळख पटण्यास त्याचे रणगाडे रशियाच्या सरहद्दीत शिरेपर्यंत थांबावे लागले, हा दोष होता. पण हे वाक्य लांब आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत, सबब टीकाकाराने ते वापरू नये.

आता दुसऱ्या धोक्याकडे वळू. प्रतिपक्षातील एखादा वाचन असलेला मनुष्य उठून काँग्रेसची तारीखवार कैफियत मागतो. वर्धा आपल्याच विदर्भातले, तेव्हा तेथील ठरावांविषयी अज्ञानाची सबब चालत नाही. सप्टेंबर 1939 मध्ये वर्ध्याच्या बैठकीत ‘युद्धाचे हेतू आधी सांगा’ असे विचारले गेले. जुलै 1940 मध्ये पुण्यात राष्ट्रीय सरकार मिळाल्यास सहकार्याची तयारी दाखविण्यात आली आणि त्यासाठी गांधीजींचे नेतृत्व बाजूला ठेवले गेले. सप्टेंबरात मुंबईस ते पुन्हा स्वीकारले गेले. ऑक्टोबरात पवनारच्या विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. डिसेंबर 1941 मध्ये बारडोलीस पुन्हा वळण आले. आणि 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यात इंग्रजांनी चालते व्हावे असे ठरले. एवढी वळणे मोजून झाल्यावर टीकाकाराने ताबडतोब एक भेद प्रस्थापित करावा: आपल्या पक्षाचे ते ‘परिस्थितीनुरूप धोरण’ आणि दुसऱ्याचे ते ‘घूमजाव’. हा भेद सिद्ध करता येत नाही. पण तो आवाज चढवून सांगितला की पुराव्याची तसदी वाचते. गांधीजींनी मात्र येथे टीकाकारांची फारच अडचण करून ठेवली आहे. 8 ऑगस्ट 1942 रोजी गवालिया टँकवर ‘चले जाव’च्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या 13 जणांचे, ज्यांत बहुतेक कम्युनिस्ट होते, त्यांनी भर सभेत अभिनंदन केले. विरोधकाच्या धैर्याची अशी जाहीर कदर करणे हे टीकेच्या धंद्याला मारक आहे, आणि त्याचे अनुकरण कोणी केल्याचे फारसे आढळत नाही.

तुमसरकरांच्या हाती एक हक्काचे अस्त्र आहे. त्याच ऑगस्टात या गावात गोळीबार झाला आणि माणसे पडली. ज्यांनी त्या दिवसांत ‘आत्ता नको’ म्हटले, त्यांना हे गाव क्षमा करणार नाही हे योग्यच आहे. परंतु हे अस्त्र वापरणाऱ्याने मृतांची नावे पाठ असल्याची आधी खात्री करून घ्यावी. नाहीतर पहिल्याच बाकावरचा म्हातारा ती विचारतो, आणि मग पुढाऱ्याचा पंचनामा राहतो बाजूला.

शेवटचा धोका सर्वांत मोठा. मार्च 1942 मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. धानाच्या बाजारात वाढलेल्या श्रोत्याला हा हिशोब समजावून द्यावा लागत नाही. युद्धाला पोलाद लागते, पोलादाला मँगनीज लागते, हे डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणीत राबणाऱ्यालाही ठाऊक असते. असा कोणी मागून उभा राहून विचारतो, ‘भाऊ, ते युद्ध साम्राज्यशाहीचे होते तेव्हा, आणि लोकांचे झाले तेव्हा, धानाला भाव कोणता होता, अन् आमच्या मजुरीत किती फरक पडला?’ अशा वेळी घाबरू नये. हा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा असून पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला जाईल असे जाहीर करावे, प्रश्नकर्त्याचे नाव वहीत टिपून घ्यावे, आणि पुढील सभेची तारीख मात्र सांगू नये.