धंद्यापुरती अझरी : ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या नवशिक्यांसाठी

डोंबिवलीत जर्मन आता कोणालाही येतं. शेजारची मुलगी बी-टू झाली, तिचा भाऊ जपानीच्या परीक्षेला बसलाय, आणि सोसायटीच्या गणपतीत दोघांचा नारळ देऊन सत्कार होतो. अशा वेळी मागे पडलेल्या होतकरू माणसाने अझरी, म्हणजे अझरबैजानची भाषा, घ्यावी. स्पर्धा नाही, आणि ठाकुर्लीपासून मुलुंडपर्यंत चूक काढणारं कोणी भेटेल ही भीती नाही.

घरून पहिला प्रश्न येईल, ‘उपयोग काय?’ उत्तर पाठ करून ठेवा. बॉम्बे हायवर ज्या ओएनजीसीची माणसं हेलिकॉप्टरने जातात, तिच्याच ‘ओएनजीसी विदेश’ने २०१३ मध्ये कॅस्पियन समुद्रातल्या अझरबैजानच्या अझेरी-चिराग-गुनाशली या तेलक्षेत्रात २.७२ टक्के हिस्सा घेतला. तेल तिकडून येतं. तांदूळ आणि औषधं इकडून जातात. शिवाय २००० साली भारत, इराण आणि रशियाने ठरवलेला उत्तर-दक्षिण मालवाहतूक मार्ग आहेच. न्हावा शेव्याहून जहाजाने बंदर अब्बास, तिथून इराण ओलांडून अस्तारा, मग बाकू आणि पुढे रशिया. यातला रश्त ते अस्तारा हा रेल्वेचा तुकडा अजून व्हायचा आहे. म्हणजे कल्याण-कसारा तिसऱ्या लाइनची जी गत, तीच तिकडे. ‘होणार कधी?’ असं मात्र तिथे विचारू नका, इथेही विचारत नाही आपण.

एक खबरदारी. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात अझरबैजानने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली आणि इकडच्या लोकांनी बाकूच्या सहली रद्द केल्या. तेव्हा क्लास कसला ते जिन्यात सांगत बसू नये. फ्रेंच म्हणावं.

धडा पहिला : उच्चार

लिपी रोमन आहे, पण भरवसा ठेवू नका. ‘सी’ दिसला की ‘ज’ म्हणा, ‘एक्स’ दिसला की घशातला ‘ख’, आणि ‘क्यू’ दिसला की जवळपास ‘ग’. उलटा पडलेला इंग्रजी ‘ई’ दिसेल तो छपाईचा दोष नव्हे. तो आपल्या ‘बॅट’मधला ॲ. मराठी माणसाकडे हा स्वर चिन्हासकट तयार आहे, त्यामुळे इथे निम्मी फी परत मागायला हरकत नाही.

घशातल्या ‘ख’चा सराव सकाळच्या लोकलमध्ये करावा. तो नीट जमला की शेजारचा आपोआप सरकतो आणि चौथी सीट थोडी रुंद होते.

ही लिपी तशी ताजी. एका शतकात या लोकांनी अरबी, रोमन, सिरिलिक आणि १९९१ नंतर पुन्हा रोमन असा प्रवास केला. सगळीकडे सक्तीने रोमन झालं ते १ ऑगस्ट २००१ पासून. आजोबांनी लिहिलेलं नातवाला वाचता येत नाही. मोडीतले कागद ट्रंकेत ठेवून बसलेल्या घरांना यात नवल वाटू नये.

धडा दुसरा : व्याकरण, म्हणजे खरं तर आनंद

क्रियापद वाक्याच्या शेवटी. आपल्यासारखंच. विभक्ती नामाच्या मागे चिकटते. आपल्यासारखंच. आदराने ‘सिझ’, सलगीने ‘सॅन’. तुम्ही आणि तू. लिंग मात्र नाहीच. तो, ती आणि ते या तिघांना मिळून एकच ‘ओ’. ज्यांनी जन्मभर ‘ती पेन का तो पेन’ यावर सासरी वाद घातले त्यांनी या ठिकाणी दोन मिनिटं डोळे मिटून बसावं.

अनेकवचन तर लहान मुलालाही येईल. शब्दातला शेवटचा स्वर आ, ओ, उ यांच्या जातीचा असेल तर ‘लार’ लावायचं, इ, ए, ॲ यांच्या जातीचा असेल तर ‘लॅर’. किताब-लार, दॅफ्तॅर-लॅर. सराव नाश्त्याच्या टपरीवर करा : वडा-लार, इडली-लॅर, मिसळ-लार. आणि आपल्याकडे बघा. वाट-वाटा, भिंत-भिंती, मासा-मासे, आणि लाडू-लाडू. कोणाला काय समजावणार?

आकडे त्याहून सोपे. दहा म्हणजे ‘ऑन’, एक म्हणजे ‘बिर’, अकरा म्हणजे ‘ऑन बिर’. असंच थेट नव्व्याण्णवपर्यंत. एकोणऐंशी म्हणजे नेमके किती, यावर इंग्रजी शाळेतल्या नातवाचा जो गोंधळ होतो तो तिकडे होत नाही.

प्रत्यय एकामागे एक लावत गेलं की शब्द लांबतो. ‘अंबार’ म्हणजे गोदाम. ‘अंबार-लार-इमिझ-दान’ म्हणजे आमच्या गोदामांमधून. भिवंडीच्या व्यापाऱ्याने एवढा एक शब्द घोटला तरी पहिल्या भेटीपुरतं भागतं.

आता धोक्याची जागा. नकार या भाषेत क्रियापदाच्या पोटात लपवतात. ‘आलिराम’ म्हणजे घेतो. ‘आलमिराम’ म्हणजे घेत नाही. फोनवर, त्यातून गाडी मुंब्र्याच्या आसपास असताना, हा मधला ‘म’ ऐकू येईलच असं नाही. आणि कंटेनर तर तोवर भरला गेलेला असतो. असा सौदा लेखी घ्यावा.

धडा तिसरा : बाजारात

शब्दसंग्रहाची चिंता नको. फार्सी-अरबीने दोन्हीकडे सारखाच माल टाकला आहे. दुकान, बाजार, हिशेब, वकील, साबण, कागद, जबाब हे थोडे तोंड वाकडं करून म्हटलं की झाले अझरी. ‘माल’ म्हणजे माल, पण गुरंढोरंसुद्धा. ‘आमचा माल फार चांगला आहे’ असं सांगताना हातात कॅटलॉग ठेवा.

चलनाचं नाव मनात. २०१७ पासून एका डॉलरला १.७० मनात हा भाव जवळपास हललेला नाही. ‘किंमत मनात सांगा’ असं म्हटलं की ते खरोखर सांगतात, आणि मोठ्याने सांगतात.

तुमची किंमत ऐकून समोरचा ‘चोख बहादिर!’ म्हणाला तर छाती फुगवू नका. ‘चोख’ म्हणजे फार, ‘बहादिर’ म्हणजे महाग आहे. उत्तरादाखल हसून मान डोलावणाऱ्या निर्यातदाराने सूट द्यायची तयारी ठेवावी.

जाता जाता एक क्रियापद. ‘द्युश्मॅक’ म्हणजे उतरणे आणि ‘द्युश्मॅक’ म्हणजेच पडणे. तुर्की माणसांना याचं हसू येतं. त्यांच्याकडे फक्त पडणे. गर्दीच्या वेळी दिव्याला उतरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

धडा चौथा : चहा (हा परीक्षेला नक्की येतो)

इथे आपले लोक नापास होतात. भाषा येते, बसता येत नाही. ठाण्याचा माणूस बैठकीला जातो तोच घड्याळ बघत. पाठ टेकायच्या आत ‘हं, तर मुद्द्याचं बोलू’ म्हणतो. तिकडे आधी चहा येतो. मधे कमरेत आवळलेल्या काचेच्या छोट्या पेल्यात, बिनदुधाचा, आणि सोबत बशीत मुरंबा. नावही तेच, ‘म्युरॅब्बॅ’. तो पोळीला लावायचा नाही, चहात ढवळायचाही नाही. चमचाभर तोंडात घ्यायचा आणि वरून घोट. मग घरच्यांची विचारपूस, मग हवापाणी, मग दुसरा पेला. २०२२ मध्ये युनेस्कोने या चहासंस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. आपण कटिंगवर दोन मिनिटांत सौदे तोडतो, त्याची यादी अजून कोणी केलेली नाही.

लग्न जमवण्यातही चहाच बोलतो. मुलीकडच्यांनी गोड चहा पुढे केला की होकार समजायचा. कांदेपोह्यांवरून काहीच समजत नाही हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

संबोधन नीट शिका. मोठ्या माणसाच्या नावापुढे ‘म्युॲल्लिम’ लावतात. मूळ अर्थ शिक्षक, पण मॅनेजरला, डॉक्टरला, साहेबाला, सगळ्यांना चालतो. बाईंना ‘खानिम’. ‘प्रकाश म्युॲल्लिम’ अशी हाक आली की तुमचं काम अर्धं झालं असं समजा. उरलेलं अर्धं बहुतेक रशियनमध्ये होतं. बाकूत ती सर्रास चालते. हे आम्ही फी भरण्यापूर्वी सांगत नाही.

पुरवणी : पूर्वसुरी

या धंद्यातला आद्य विद्यार्थी अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेरचा व्यापारी. पंधराव्या शतकात शिरवान आणि बाकूवरून उतरत, इराणमार्गे एक घोडा घेऊन चौलच्या बंदराला लागला. त्याच्या टिपणांत रशियनच्या मधेच तुर्की-फार्सीची खिचडी येते, इतकी ती वाटेत तोंडात बसली होती. जुन्नरला खानाने घोडाच काढून घेतला. पुढे एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने तो परत मिळाला. इथे आपल्या देशात खपेल असा माल नाही, सांगणाऱ्यांनी फसवलं, असा त्याचा शेरा आहे. इकडचा बाजार-अहवाल इतका सरळ पुन्हा क्वचितच कोणी लिहिला असेल.

उलट दिशेने गेलेले आपले लोक बाकूजवळ सुराखानीला भेटतात. तिथल्या आतिशगाह या अग्निमंदिराच्या भिंतींवर देवनागरी आणि गुरुमुखी लेख कोरलेले आहेत, गणेशाला आणि ज्वालाजींना नमन करून. एकावर विक्रम संवत १८०२, म्हणजे इ.स. १७४५-४६. मुंबईचे पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ मध्ये तिथे गेले आणि हे अग्यारी नसून हिंदू मंदिर आहे असा निर्वाळा देऊन परतले. अझरबैजानात पहिल्याच दिवशी अडखळत का होईना काहीतरी वाचता आलं पाहिजे, असा हट्ट असणाऱ्यांनी सरळ इथेच यावं.

स्वाध्याय

१. ‘समोसा’चं अनेकवचन करा. घरात कोणी झोपलेलं नसताना मोठ्याने म्हणा.

२. ‘आमच्या गोदामांमधून’ हे एका दमात म्हणा. दम लागल्यास भिवंडीऐवजी कळव्याचं गोदाम घ्या.

३. यजमानाने तिसरा पेला भरला आहे आणि तुमचं विमान तीन तासांनी आहे. मुद्दा काढाल की मुरंबा घ्याल? कारणे द्या.

४. समोरचा ‘आलमिराम’ म्हणाला. आतापर्यंत झालेल्या खर्चाचा मनात हिशेब करा. (पाच गुण. रुपयांत केल्यास शून्य.)