उरलेले दोन खांब

क्रोशाचं फूल विणून झालं की काम संपलं, असं ज्याला वाटतं त्याच्या घरात क्रोशाची सुई कधी आलेलीच नसते. फूल हे निव्वळ निमित्त, खरा कस लागतो काठाला. आपल्याकडे साडीला काठ लागतो, पंगतीत ताटाभोवती महिरप लागते. मग बिचाऱ्या फुलानेच काय घोडं मारलंय?

माझी मावशी या मताची कट्टर. तिने एके काळी टीव्ही, मिक्सर, फोन, पाण्याचा तांब्या अशा सगळ्यांना काठाचे रुमाल घातले होते. काका दुपारी आरामखुर्चीत जरा जास्त वेळ पेंगले की आम्हाला त्यांची काळजी वाटायची. पुढे टीव्ही सपाट होऊन भिंतीवर चढला. तो क्रोशाला घाबरूनच चढला, असं काका अजून सांगतात.

काठ म्हणजे शुद्ध गणित. शिंपल्यांचा काठ घ्या. दोन खांब, म्हणजे उभे टाके, सोडायचे, तिसऱ्यावर पाच खांब घालायचे, पुन्हा दोन सोडून पुढच्यावर मुका खांब, म्हणजे बुटका टाका. म्हणजे एका शिंपल्याला खालच्या फेरीतले सहा खांब लागतात. फुलाच्या शेवटच्या फेरीत ४८ खांब असले तर आठ शिंपले गुण्यागोविंदाने बसतात. पण मोजल्यावर ५० निघाले, की घरात सुतकी शांतता. दोन उरले! अशा वेळी चहा मागू नये.

उसवणं मावशीच्या रक्तात नाही. ती अगदी समोरासमोरच्या दोन जागा हेरते आणि तिथे दोनाऐवजी तीन खांब सोडून मोकळी होते. वर म्हणते, "ज्याला दिसेल त्याने येऊन उसवावं!" अजून कोणी आलेलं नाही.

फूल चौकोनी असेल तर कोपऱ्यांचे मानपान वेगळे. तिथे जास्तीचे खांब दिले नाहीत तर कडा आत ओढल्या जाऊन रुमालाची वाटी होते. हात सैल सोडून उगाच वाढवले तर काठ फुगून त्याची झालर होते. दोन्ही पापांवर उतारा एकच: खळ घालायची, सतरंजीवर रुमाल ताणून कडेने टाचण्या टोचायच्या आणि वाळेपर्यंत घरच्यांना अनवाणी फिरू द्यायचं नाही.

याला लोक "रिकामा उद्योग" म्हणतात. आंध्रातल्या नरसापूरच्या बायकांनाही असंच म्हणत. त्या घरी बसून क्रोशाची लेस विणत, ती परदेशात विकली जाई आणि त्यांची गणना मात्र 'घरी बसलेल्या' बायकांत होई. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही बातमी ऐकून मावशीने काकांकडे नुसतं पाहिलं. काकांनी मुकाट्याने दोऱ्याचा नवा गुंडा आणून दिला.

तेव्हा कुणाच्या घरी असा रुमाल दिसला तर "मशीनवरचा का हो?" असं विचारू नका. बाजारातला खरा क्रोशाही हातानेच विणलेला असतो. काठाची तारीफ करा, कोपऱ्यांची तर आवर्जून करा. शिंपले मात्र मोजू नका.