कंपनी बुडाली, डोळे मिटले

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी जगातल्या सगळ्या एआय पिन एकदम मुक्या झाल्या. शर्टावर छातीशी अडकवायचं हे छोटं चौकोनी यंत्र फोनची सद्दी संपवायला निघालं होतं. पडदा नाही, बटणांची गर्दी नाही. बोलायचं आणि उत्तर ऐकायचं. तळहात पुढे धरला की लेसरने त्यावर अक्षरं उमटायची. 'ॲपल'मधून बाहेर पडलेल्या इम्रान चौधरी आणि बेथनी बाँजोर्नो यांनी 'ह्युमेन' नावाची कंपनी काढून त्यासाठी २३ कोटी डॉलर उभे केले. एप्रिल २०२४ मध्ये पिन ग्राहकांच्या हाती पडू लागली. किंमत ६९९ डॉलर आणि वर महिन्याला २४ डॉलर वर्गणी. वर्ष भरायच्या आत 'एचपी'ने कंपनीची पेटंटं, सॉफ्टवेअर आणि बरीचशी माणसं ११.६ कोटी डॉलरना घेतली. ग्राहकांची पिन मात्र कुणालाच नको होती. सर्व्हर बंद झाले. गेल्या ९० दिवसांत घेतलेल्यांनाच पैसे परत मिळाले. बाकीच्यांच्या पिनला एक काम तेवढं जमत होतं: बॅटरी किती उरली आहे, हे सांगणं.

यंत्र फसलं याबद्दल माझी तक्रार नाही. नवं करू पाहणाऱ्यांनी फसावं, पुन्हा फसावं. त्याशिवाय नवं येत नाही. माझा राग वेगळा आहे. पैसे मोजून घेतलेली, न मोडलेली, न झिजलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी निर्णयाने मरते. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असायचा, तसा या यंत्रांचा जीव कंपनीच्या सर्व्हरमध्ये असतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मेलेली सर्किटं उठवून बसवणारे कारागीर आहेत. त्यांच्यापुढे ही पिन ठेवली तर तेही हात टेकतील, कारण दुरुस्त करावं असं तिच्यात काही बिघडलेलंच नाही.

पिनचं जाऊ द्या. ६९९ डॉलर गेले, माणूस पुन्हा फोन वापरू लागला. 'आर्गस २' घेतलेल्यांना असं मागे फिरता आलं नाही.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो. अशा अंध माणसांसाठी कॅलिफोर्नियाच्या 'सेकंड साइट' कंपनीने हा कृत्रिम डोळा बनवला. चष्म्यात कॅमेरा, कमरेला चित्रावर प्रक्रिया करणारी डबी आणि शस्त्रक्रिया करून डोळ्याच्या पडद्यावर बसवलेले ६० इलेक्ट्रोड. दिसायचे ते फक्त करड्या प्रकाशाचे ठिपके; पण वर्षानुवर्षं अंधारात असलेल्याला दाराची चौकट आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओळखू येणं म्हणजे काय, हे डोळसांनी ठरवू नये. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी तो बसवून घेतला.

२०१९ मध्ये कंपनीने 'आर्गस २' बंद केला. २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी काढले आणि ती दिवाळखोरीच्या काठावर जाऊन उभी राहिली. डोळ्यांत यंत्र असलेली माणसं होती तिथेच राहिली. 'आयईईई स्पेक्ट्रम' या नियतकालिकाने २०२२ मध्ये त्यांच्या हकिकती छापल्या. चष्मा किंवा डबी बिघडली की सुटे भाग मिळेनात. मग रुग्णच एकमेकांकडे शोधाशोध करू लागले. एकाला एमआरआय करायचा होता. डोळ्यातल्या यंत्राची माहिती डॉक्टरांनी कंपनीला विचारली, तर उत्तर आलं नाही. यंत्र काढून टाकायचं तर पुन्हा शस्त्रक्रिया. ज्या शरीरात ते बसवलं त्याचा मालक रुग्ण, आणि ते चालण्या-न चालण्याचा मालक भलताच. याला मी अपघात म्हणणार नाही. करार करताना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

दर जानेवारीत लास वेगासला 'सीईएस' हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरतं. पारदर्शक टीव्ही, घरभर फिरणारे यंत्रमानव, चकचकीत चित्रफिती. मला ती कल्पकता मनापासून आवडते. त्या मंचावर पहिल्या दिवसाबद्दल तासभर बोलतात. दहाव्या वर्षाबद्दल कुणी बोलत नाही.

'कंपन्या बुडणारच, त्याला कोण काय करणार?' असं ऐकवलं जातं. करता येतं. 'पेबल' हे घड्याळ बनवणारी कंपनी २०१६ मध्ये बंद पडली. हौशी तंत्रज्ञांनी 'रेबल' नावाने त्याच्या सेवा स्वतः चालवल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये 'गुगल'ने पेबलच्या सॉफ्टवेअरचा बराचसा भाग खुला केला. लहान मुलांशी गप्पा मारणारा 'मॉक्सी' हा ७९९ डॉलरचा यंत्रमानव २०२४ च्या अखेरीस असाच बंद पडणार होता. मुलांना हे सांगायचं कसं, या पेचात आईबाप पडले. मग कंपनीनेच तो घरच्या संगणकावरून चालवता येईल अशी सोय करून दिली. मनात असलं की दार उघडं ठेवून जाता येतं.

मनात नसेल तर कायदा हवा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या वस्तूला सुरक्षा-अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे आधी जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. ते कंपन्यांच्या मर्जीवर चालतं. दुकानातल्या स्मार्ट कॅमेऱ्याच्या खोक्यावर एमआरपी असते, उत्पादनाचा महिना असतो, तक्रारीचा पत्ताही असतो. ज्याच्यावर त्याचा जीव आहे तो सर्व्हर कधीपर्यंत चालणार, हे कुठेच नसतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ती तारीख खोक्यावर छापणं सक्तीचं करावं. त्याआधी कंपनी मिटली तर सॉफ्टवेअर खुलं करण्याची अटही घालावी. शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी तर पुढच्या दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला ठेवल्याशिवाय परवानाच देऊ नये. हे होईपर्यंत तुम्ही निदान काउंटरवर एवढं विचारा: उद्या तुमची कंपनी नसली तर हे चालेल का? सरळ उत्तर मिळालं नाही तर पाकीट उघडू नका.