तपासल्या, कळवायचं राहिलं

कर्करोग तपासणीच्या सरकारी आकड्यांना एकच दिशा ठाऊक: वर. अमुक कोटी बायका तपासल्या, असं ऐकलं की आपलीही छाती फुगते. मग कुणीतरी खवचट माणूस पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा (२०१९-२१) अहवाल काढतो. तिथे थेट बायकांनाच विचारलं होतं. तिशी ते एकोणपन्नाशीतल्या शंभरांत जेमतेम दोघी म्हणाल्या, गर्भाशयमुखाची तपासणी झालीय. बाकीच्यांचीही झाली असेल. त्यांना कळवायचं राहिलं असेल.

कळवायचं राहणं ही काही आपली मक्तेदारी नाही म्हणा. आयर्लंडमध्ये कर्करोग झालेल्या बायकांच्या गर्भाशयमुखाच्या जुन्या स्मिअर (तपासणीचे नमुने) पुन्हा पाहिल्या, निष्कर्ष वेगळा निघाला, तो फायलीत गेला आणि तिथेच रमला. २०१८मध्ये त्यांच्यातल्याच एक, व्हिकी फेलन यांनी तोंड बंद ठेवण्याच्या करारावर सही करायला नकार दिला, तेव्हा दोनशेहून अधिक जणींचं प्रकरण बाहेर आलं.

तिथे निदान फाइल तरी होती. आपल्याकडे आशाताई ओट्यावर बसून धोका मोजायचा फॉर्म भरते. तंबाखू खाता? मिश्री लावता? मग कमरेला टेप. गुण चारच्या वर गेले, की ‘उपकेंद्रावर या हं’. उपकेंद्रात टेबल आहे, गर्भाशयमुख तपासायचं ॲसिटिक ॲसिडही आहे. पडदा तेवढा धुवायला गेलाय. बाई लाजून परत फिरते. पुढे आढावा बैठकीत साहेब विचारतात, “फॉर्म किती भरले?”

“शंभर टक्के, सर.”

चहा येतो.