केसपेपर मागणारा कोण?

सिल्लोडच्या माणसाला डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं असलं, की तो एसटीत बसून 65 किलोमीटरवरचं संभाजीनगर गाठतो. गावात कुणीतरी ओळखीचं बघेल, ही धास्ती. शिवन्याचा मिरचीवाला असो की भराडीची सूनबाई, घरात जे बोलता आलं नाही ते तिथे बोलतात. समोरचा समुपदेशक केसपेपरवर उतरवतो : कर्ज. झोप नाही. विहिरीकडे पाय वळतात.

पुढे सूनबाईच्या घटस्फोटाचा दावा लागतो आणि सासरच्या वकिलाची नोटीस समुपदेशकाकडे येते, केसपेपरची प्रत द्या. हिंदू विवाह कायद्यात गंभीर मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, म्हणून हा आटापिटा. आणि समुपदेशक घाबरून झेरॉक्स काढून देतो! हा सरळ विश्वासघात आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 23वं कलम गोपनीयतेचा हक्क रुग्णाला देतं. अपवाद मोजके आहेत, मुख्य असे : कुणाच्या जिवाला धोका, सार्वजनिक सुरक्षा, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा अथवा अधिकार असलेल्या प्राधिकरणाचा आदेश. वकिलाची नोटीस म्हणजे आदेश नव्हे. पोलीस ठाण्यातून फोन आला तर लेखी मागा, कलम विचारा. रुग्णाला त्याच दिवशी कळवा, स्वतःचा वकील गाठा. न्यायालयाचा आदेश आलाच तर मागितलं तेवढंच, सीलबंद पाकिटात द्या आणि उरलेलं उघडू नये अशी लेखी विनंती करा. पण समन्स आलं म्हणून केसपेपर फाडणं किंवा त्यात खाडाखोड करणं हा गुन्हा आहे, ते कदापि करू नका.

वकिलाला अशिलाचं बोलणं झाकून ठेवण्याचं संरक्षण साक्ष अधिनियमाने दिलंय, समुपदेशकाला तसं दिलेलं नाही. ते मिळालंच पाहिजे. अभिनेता सुशांतसिंह राजपूत 2020 मध्ये गेला, तेव्हा त्याच्या आजाराची वाहिन्यांवर दिवसरात्र चिरफाड झाली. ते पाहिलेला शेतकरी डॉक्टरसमोर तोंड उघडेल कसा? राज्याने शेतकरी-आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, त्यात आपला जिल्हाही आहे. समुपदेशनाच्या खोलीत बोललेलं तिथेच राहणार नसेल, तर तिथे कुणी फिरकणार नाही.

समुपदेशकाकडे जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा : माझा कागद कुठे ठेवता, आणि कुणी मागितला तर आधी मला सांगाल ना?