नावाची हौस नसलेले वेडे

धर्मपंथ काढायचा तर शहाणी माणसे आधी नाव ठरवतात, मग संस्थापकाची तसबीर लावतात, मग नियमांची पोथी छापतात. 1708 साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी आठ जणांनी पंथ काढला आणि यातले काहीच केले नाही. त्यांच्या या वेडेपणाची मी मनापासून स्तुती करतो.

पाच पुरुष, तीन बायका. म्होरक्या अलेक्झांडर मॅक, घरच्या पाणचक्कीवर वाढलेला. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता. कळत्या वयात, आपल्या मर्जीने घेतलेलाच खरा. पण तान्हेपणी एकदा झाल्यावर घेतलेल्या अशा दुसऱ्या बाप्तिस्म्याला तेव्हाच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या जुन्या कायद्यात देहदंड होता. तरी आठही जण एडर नदीत उतरले. पाण्यात गुडघे टेकायचे आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने पुढे वाकून तीनदा बुडी घ्यायची. मॅकला बाप्तिस्मा कोणी द्यायचा? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि कोणाची निघाली हे कधीच सांगायचे नाही असे ठरवले. तीनशे वर्षे उलटली, ते नाव अजून कळलेले नाही. आद्यपुरुष म्हणून मिरवायचा आयता मान त्या भल्या माणसाने पाण्यात सोडला!

आपसात ते एकमेकांना भाऊ म्हणत. नाव ठेवायचे काम लोकांनी केले, दोन्ही अर्थांनी. जर्मनमध्ये 'टुंकेन' म्हणजे बुडवणे. 1719 पासून ही मंडळी पेन्सिल्व्हेनियात जाऊ लागली आणि तिथे 'डंकर' झाली.

तिथे बेंजामिन फ्रँकलिनने त्यांच्यातल्या एकाला सल्ला दिला: लोक तुमची बदनामी करतात, तर तुमची मते छापून टाका. उत्तर आले की काल खरे वाटलेले आज चुकीचे निघते, हे आम्ही अनुभवले आहे. छापले तर आम्ही त्यालाच बांधले जाऊ, आणि आमच्या मागून येणारे तर अधिकच. फ्रँकलिनने आत्मचरित्रात ही नम्रता पंथांच्या इतिहासात विरळाच असल्याचे नोंदवले आहे. मला तर या नम्रतेपुढे कित्येक पोथ्या फिक्या वाटतात.

1871 साली त्यांनी 'जर्मन बाप्टिस्ट ब्रदरन' असे नाव घेतले, तेही 1908 साली बदलून 'चर्च ऑफ द ब्रदरन' केले. त्यांचे मिशनरी गुजरातेत आणि आपल्या डहाणूत काम करत. डहाणूला त्यांनी इस्पितळ काढले. 1970 साली नागपुरात अनेक पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा इथल्या मंडळीने आपले नाव त्यात विलीन केले. पुढे गुजरातेत काहींना जुने नाव परत हवेसे झाले. मालमत्ता कोणाच्या नावावर, हा वाद मग सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.